तुम्ही विचारलंत म्हणून: सही माझीच आहे

माजी विद्यार्थी भेटले की हालहवाल राहतो बाजूला, आधी प्रश्न येतो. ‘सर, १८६५ सालची शाळा पाडायच्या कागदावर तुम्ही सही केलीतच कशी?’ लग्नात, बसस्टँडवर, एकदा तर स्मशानात. एकदाचं लिहूनच टाकतो.

आधी ते १८६५. ती माझीच करणी. स्मरणिकेत मीच ते छापलं आणि पुरावा काय, तर उतरवलेल्या कौलावरचा आकडा! बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला ते हे साल. पुढे वर्षानुवर्षं कौलांवर तोच छाप उठत राहिला. जुनं जनरल रजिस्टर उघडायचे कष्ट मी घेतले नव्हते.

आता सही. व्यवस्थापन समितीचा ठराव होता, अभियंत्याचा दाखला होता, निर्लेखनाची, म्हणजे इमारत मोडीत काढायची, मंजुरी जिल्हा परिषदेची. मुख्याध्यापक नुसता प्रस्ताव पाठवतो. यातलं काही खोटं नाही, पण हे सांगताना मला जरा जास्तच हायसं वाटतं.

शनिवारची सकाळची शाळा होती. पोरं मैदानात कवायतीला. तिसरीच्या वर्गात कडाडलं म्हणून धावलो, तर एक तुळई भिंतीतून निसटून फळ्यावर रेललेली आणि पुढच्या बसकरांवर कौलांचा खच. अस्सल सागवान, मधोमध कुऱ्हाड घातली तरी दाद दिली नसती. पण भिंतीत गेलेलं टोक काळंठिक्कर. बोट लावलं, तर ओल्या पुठ्ठ्यात शिरावं तसं आत गेलं.

त्या टोकाभोवती सिमेंट होतं. तेही माझंच. काही वर्षांपूर्वी दुरुस्तीचा निधी आला होता, मार्चअखेर खर्ची टाकायचा होता. चुन्याचे पोपडे पडतात म्हणून मी आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला. म्हातारा गवंडी म्हणाला होता, ‘गुरुजी, चुन्याच्या भिंतीला चुनाच लावा. तिला घाम येतो.’ मी हसलो होतो. चुन्यातून भिंतीची ओल बाहेर पडते, सिमेंट ती कोंडून ठेवतं, मग ती लाकडाला खाते. मला हे ठाऊक नव्हतं असंही म्हणवत नाही. सांगितलं होतं की त्याने.

तेव्हाचा मी आज समोर आला तर भांडेल. पोपडे पोरांच्या डोक्यावर पडत होते, निधी परत गेला असता, चुन्याच्या कामाला मंजुरी कुणी दिली असती? खरंय त्याचं. एप्रिलपर्यंत थांबून कुणाला तरी विचारता आलं असतं, हेही खरंय.

एक तुळई बदलता आली असती, पण बाकीच्यांची टोकंही भिंतीतच होती. सोमवारी पोरं कुठे बसवू? सही केली. तसाच शनिवार पुन्हा आला तर पुन्हा करीन, बहुतेक.

गिलाव्याबद्दल मात्र आजवर मला कुणी विचारलेलं नाही.