ओरडणाऱ्यांची बाजू

मी शाळेच्या कबड्डी संघात कधीच नव्हतो. दम टिकायचा नाही, आवाज मात्र खणखणीत. म्हणून १९९९ साली, दहावीत असताना, पी.टी.च्या सरांनी मला तालुका स्पर्धेसाठी घोषणा देणाऱ्या पोरांचा म्होरक्या केलं. खेळाडूंबद्दल शाळेच्या महोत्सवाच्या या स्मरणिकेत इतर जण लिहितीलच. मी ओरडणाऱ्यांबद्दल लिहितो.

आम्ही वहीचं पान भरून घोषणा जुळवल्या होत्या. बहुतेक समोरच्या शाळेची टिंगल करणाऱ्या. गाठ कन्नड शाळेशी पडणार हे दिसत होतं, त्यामुळे भाषेवरून टोमणे आलेच. आपल्या बेळगाव-खानापूर पट्ट्यात असला शब्द मैदानातच राहत नाही, बसस्टँडवर पोचतो. सरांनी पान वाचलं, टोमण्यांवर काट मारली आणि म्हणाले, "ओरडा गा, घसा बसेपर्यंत ओरडा. पण आपल्या पोरांची नावं घेऊन."

कारण त्यांनी खेळातलंच दिलं. चढाई करणाऱ्याचा 'कबड्डी कबड्डी' हा उच्चार पंचाला सलग आणि स्पष्ट ऐकू यायला हवा. तुम्ही हुर्यो करत बसलात तर त्याचा दम तुटलेला पंचाला कळणार कसा? शिवाय पकड लावताना आपली पोरं एकमेकांना हाका देतात, त्याही बुडतात. तेव्हा समोरचा आत आला की चिडीचूप. पकड बसली की ज्यानं पाय धरला त्याचं नाव. आणि त्यांच्या पोरानं झकास गुण घेतला तर टाळी.

ही टाळी काही आमच्या गळी उतरेना. तेव्हा सरांनी चेन्नईची कसोटी काढली. त्याच जानेवारीत भारत १२ धावांनी हरला होता, सचिनच्या १३६ धावा वाया गेल्या होत्या, तरी प्रेक्षकांनी उभं राहून पाकिस्तानच्या संघाला मानवंदना दिली होती. सरांनी वेळ मात्र भलतीच निवडली. कारगिलची लढाई नुकतीच संपली होती आणि आमच्या वर्गात मराठा लाइट इन्फंट्रीत कुणी ना कुणी असलेली घरं बरीच. मागच्या बाकावरून एक जण उठला, "सर, माझा दादा तिकडं हाय." सर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्याची लढाई खरी. आपली कबड्डी." एवढंच. मला ते उत्तर तेव्हा अपुरं वाटलं होतं. आज त्यात भर घालावीशी वाटत नाही.

अंतिम सामन्यात समोरून आमच्यावर भरपूर हुर्यो झाली. सर पाठीमागे उभे, त्यामुळे आमची तोंडं बंद. पाचवी-सहावीच्या पोरांना आवरताना माझा जीव गेला, त्यांनी दोन-चार टोमणे हाणलेच. पण आमचा सगळ्यात बुजरा कोपरारक्षक स्वतःचं नाव ऐकून असा काही खेळला की त्यांचेच एक मास्तर त्याला कन्नडमध्ये "चलो आडिदी", म्हणजे छान खेळलास, म्हणून गेले.

सामना हरलो. ढाल त्यांच्या हातात जाईपर्यंत टाळ्या वाजवायच्या, असा सरांचा हुकूम. सगळ्यांनी वाजवल्या, फक्त मागच्या बाकावरच्या त्या पठ्ठ्यानं हात खिशातून काढले नाहीत. हरल्यावर टाळ्या कसल्या, असं तो आजही म्हणतो. महोत्सवात माजी विरुद्ध आजी असा सामना ठेवलाय म्हणे. आमच्या बाजूच्या घोषणा देणाऱ्यांत त्याचं नाव मीच घातलंय. भांडायला तो नक्की येईल.