७×५७ साठी हँडलोड करताना मी कुठे थांबलो

गेले काही महिने फावल्या वेळात माझा एकच उद्योग चाललाय, माझ्या ७×५७ माऊझर रायफलसाठी (साधारण ७ मिमीची गोळी, ५७ मिमी लांबीचं पितळी कवच) स्वतः काडतुसं भरायची, आणि ती अशी भरायची की ट्रिगर दाबताना मनात कसलीही शंका राहता कामा नये. ३०-०६ किंवा ३०८ अशा जास्त चालणाऱ्या काडतुसांची रायफल असती तर कुठलंही लोडिंग मॅन्युअल, म्हणजे कुठल्या बुलेटला किती पावडर भरायची त्याचं पुस्तक, उघडा, पानंच्या पानं डेटा मिळतो. ७×५७ ला एखाद-दुसरं पान मिळतं, त्यात मोजक्या बुलेट (काडतुसाच्या टोकाची गोळी), आणि दोन मॅन्युअलं शेजारी ठेवली की एकाच वजनाच्या बुलेटला एकाच पावडरचे आकडे जुळत नाहीत. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं छपाईची चूक असेल. पण चूक वगैरे काही नव्हती, या काडतुसाचं वयच तेवढं आहे.

१८९२-९३ च्या सुमाराला माऊझरने हे काडतूस आणलं, स्पेनने १८९३ ची रायफल त्याच्यासाठी घेतली आणि १८९८ मध्ये क्यूबात सॅन हुआन टेकडीवर अमेरिकन सैन्याला ती समोरून झेलावी लागली. पुढे बोअर युद्धात १८९५ च्या मॉडेलच्या रायफली बोअरांच्या हातात होत्या. आपल्या लोकांना हे काडतूस दुसऱ्या नावाने जास्त जवळचं, २७५ रिग्बी. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला १९०७ मध्ये जी रिग्बी रायफल भेट मिळाली ती हीच, ७×५७ लाच इंग्लंडात दिलेलं नाव.

आता लोडिंगशी याचा संबंध असा की १८९३ आणि ९५ च्या ॲक्शनला, म्हणजे काडतूस कोंडून उडवणाऱ्या यंत्रणेला, बोल्टच्या (काडतुसामागे सरकून बंद होणाऱ्या दांड्याच्या) पुढच्या टोकाला दोनच लॉकिंग लग, म्हणजे बोल्ट अडकवून ठेवणारे दात, असतात. १८९८ च्या ॲक्शनला मागे तिसरा सेफ्टी लग आला, आणि प्रायमर (काडतुसाच्या बुडातली, पावडर पेटवणारी टोपी) फुटला किंवा केस (काडतुसाचं पितळी कवच) फाटली तर गॅस नेमबाजाच्या तोंडावर न येता बाजूला जावा याची सोयही नीट झाली. पण जुन्या रायफली काही नाहीशा झाल्या नाहीत, आजही लोक त्या वापरतात, म्हणून अमेरिकेत काडतुसांची मानकं ठरवणाऱ्या सामी या संस्थेने ७×५७ ची प्रेशरची मर्यादा ५१,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) एवढी मवाळ ठेवली. युरोपातल्या तशाच सीआयपी संस्थेची मर्यादा मात्र ३९० मेगापास्कल, म्हणजे साधारण ५६,५०० पीएसआय. दोघांच्या मोजायच्या पद्धतीतही थोडा फरक आहे, त्यामुळे आकडे अगदी तंतोतंत एकमेकांवर ठेवता येत नाहीत, पण कल आपल्याला कळतो. एक मॅन्युअल आजोबांच्या रायफलला सांभाळून लिहिलेलं आणि दुसरं आजच्या मजबूत ॲक्शनसाठी. म्हणून मॅन्युअल उघडायच्या आधी आपल्या हातात कुठली ॲक्शन आहे ते बघा, आणि ती जुनी असेल तर चांगल्या गनस्मिथकडून हेडस्पेस गेजने, म्हणजे बंद बोल्ट आणि चेंबर (बॅरलमधली काडतूस बसायची जागा) यांच्यातली मोकळीक बघायच्या मापाने, तपासून घ्या. माझी ९८ ॲक्शनची आहे, तपासून घेतलेली आहे, तरी मी मवाळ मॅन्युअलच धरलं. हरणाला किंवा कागदाच्या टार्गेटला ५,००० पीएसआयचा फरक समजत नाही.

नावांचा घोळ वेगळाच. २७५ रिग्बी म्हणून २७५ ची बुलेट शोधायला जाऊ नका, तो आकडा बॅरलच्या आतल्या उंचवट्यांमधल्या अंतराचा आहे, बुलेट लागते ०.२८४ इंचाची. २७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम हे तर निराळंच काडतूस. आणि सगळ्यात मोठा मोह ७ एमएम-०८ चा, बुलेट तीच, केसमध्ये मावणारी पावडरही जवळपास तेवढीच, आणि डेटा भरपूर, मग तोच घेतला तर काय बिघडलं असं वाटतं. बिघडतं, कारण ७ एमएम-०८ ची मर्यादा ६१,००० पीएसआय आहे आणि तो डेटा त्या हिशोबाने केलेला असतो. पावडरचंही तसंच, एच ४३५० आणि आयएमआर ४३५० या दोन वेगळ्या पावडरी आहेत, एच ४८३१ आणि आयएमआर ४८३१ सुद्धा वेगळ्या, आकडा सारखा म्हणून अदलाबदल करायची नाही. माझ्या बेंचवर एका वेळी पावडरचा एकच डबा असतो, दुसरा कपाटात बंद, आणि काम संपलं की मेजरमध्ये (पावडर मापायच्या यंत्रात) उरलेली पावडर लगेच परत त्याच डब्यात. हा नियम मी कधीच मोडत नाही.

केसबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझी पहिली चूक तिथेच झाली. डाय, म्हणजे उडवलेली केस दाबून परत मापात आणणारा साचा, त्याच्या बरोबर आलेल्या कागदावर लिहिलं होतं की डाय शेल होल्डरला (केसचं बूड धरणाऱ्या तुकड्याला) टेकेपर्यंत खाली घ्या आणि वर आणखी थोडी फिरवा. मी तसंच केलं. काडतुसं छान बसायची, बोल्ट लोण्यासारखा बंद व्हायचा, मी खूश. तिसऱ्यांदा उडवलेल्या केस साफ करताना एका केसच्या बुडापासून बोटाच्या पेराहून कमी अंतरावर एक बारीक चकचकीत रेघ दिसली, पूर्ण गोल फिरलेली. एक पेपरक्लिप सरळ केली, टोकाला छोटा आकडा वाकवला, केसच्या तोंडातून आत घातली आणि भिंतीला टेकवून बुडापासून हळूहळू वर ओढली. गुळगुळीत, गुळगुळीत, आणि मग टक्‌, टोक एका खाचेत अडकलं. आतून पितळ पातळ होत चाललं होतं, आणखी एक-दोन शॉटमध्ये केसचं बूड वेगळं झालं असतं आणि गॅस मागे आला असता. त्या लॉटच्या सगळ्या केस मी पक्कडीने दाबून भंगारात टाकल्या.

कारण साधं होतं. जुन्या नमुन्याची चेंबर बऱ्याचदा थोडी सैल असतात, आणि मी दर वेळी डायने केसचा खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, गरजेपेक्षा खूप मागे ढकलत होतो, मग उडवताना केस पुढे ताणली जायची, परत मागे ढकल, परत ताण. तारेचा तुकडा वाकवत बसलं की तो जसा तुटतो तसंच. आता मी आधी उडवलेल्या केसचा खांदा कंपॅरेटर (खांद्यावर टेकणारी जोड) लावून कॅलिपरने मोजतो आणि डाय अशी बसवतो की खांदा फक्त दोन थाऊ, म्हणजे इंचाचे दोन हजारांश, मागे जाईल. शिवाय केसची लांबी दर वेळी मोजायची, ५७ मिलिमीटरच्या वर गेली की ट्रिम. तोंड चेंबरच्या टोकाला जाऊन चिमटलं तर बुलेट सुटायला जागा राहत नाही आणि प्रेशर कुठच्या कुठे जातं. ३०-०६ च्या केस कापून ७×५७ च्या केस करता येतात, पण तोंडाजवळचं पितळ जाड राहतं, तेव्हा बुलेट बसवल्यावर मानेचा बाहेरचा व्यास मोजल्याशिवाय तसलं काडतूस चेंबरमध्ये घालू नका.

बरं, आता चार्ज, म्हणजे एका काडतुसात भरायची पावडर. माझ्या रायफलला जमलेला पावडरचा आकडा मी इथे मुद्दाम देत नाहीये. तो माझ्या चेंबरचा, माझ्या केसचा, माझ्या पावडरच्या लॉटचा आकडा आहे, आणि कुणी तो उचलून ९३ च्या रायफलमध्ये वापरला तर ते मला सहन होणार नाही. तुमचा आकडा मॅन्युअलच्या सुरुवातीच्या चार्जपासून वर येऊ दे. आणि त्याच्या खालीही जायचं नाही, मंद पावडर फार कमी भरली तर ती नीट पेटेलच असं नाही, बुलेट बॅरलमध्ये अडकू शकते. आवाज किंवा धक्का वेगळा वाटला तर तिथेच थांबायचं, बोल्ट काढायचा, बॅरलमधून आरपार उजेड दिसला तरच पुढचा शॉट.

मी १४० ग्रेनची (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम) बुलेट घेतली. हे काडतूस मुळात १७३ ग्रेनच्या लांबलचक गोल नाकाच्या बुलेटसाठी केलेलं, म्हणून चेंबरच्या पुढचा थ्रोट, म्हणजे गुळगुळीत भाग, लांब असतो आणि हलकी बुलेट रायफलिंगपर्यंत (बॅरलच्या आतल्या वळणदार खाचांपर्यंत) बरंच अंतर मोकळी जाते. त्याचं मी मनाला लावून घेतलं नाही, लांबी मॅन्युअलमध्ये दिली तेवढीच ठेवली. अर्ध्या-अर्ध्या ग्रेनने वाढवत गेलो, प्रत्येक पायरीची पाच काडतुसं, प्रत्येक चार्ज हाताने तोललेला, स्केल आधी चेक वेटने तपासलेला. भरून झाल्यावर पन्नासच्या पन्नास केस ट्रेमध्ये उभ्या करून टॉर्चने आत बघायचं, पावडरची पातळी सगळीकडे सारखी दिसली पाहिजे, मगच बुलेट बसवायची.

रेंजवर आधी फॅक्टरीची पाच काडतुसं क्रोनोग्राफवरून (बुलेटचा वेग मोजणाऱ्या यंत्रावरून) उडवली, म्हणजे यंत्र बरोबर बोलतंय का ते कळतं. मग माझी. खालच्या पायऱ्या अपेक्षेप्रमाणे गेल्या. चढत चढत मॅन्युअलच्या मॅक्सिमम चार्जला दीड ग्रेन बाकी राहिला आणि वेग मॅन्युअलच्या मॅक्सिमम वेगाला टेकला. माझं बॅरल २२ इंची आणि मॅन्युअलचं २४ इंची, म्हणजे खरं तर मला सेकंदाला ४०-५० फूट कमीच मिळायला हवे होते. केस उचलून बघितली, प्रायमरच्या कडा छान गोल, बुडावर इजेक्टरचा (रिकामी केस बाहेर फेकणाऱ्या भागाचा) ठसा नाही, बोल्ट एका बोटाने उघडतोय. शेजारच्या बेंचवरचे एक अनुभवी गृहस्थ म्हणाले, अजून दीड ग्रेन बाकी आहे की, प्रायमर बघा, काही नाही झालं. मी बॅग भरली.

मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते हेच. प्रायमर चपटा होणं, बोल्ट जड जाणं, ही लक्षणं बऱ्याचदा ६०,००० पीएसआयच्या वर गेल्यावर दिसतात. ७×५७ ची मर्यादा ५१,००० ची, म्हणजे डोळ्याला काही दिसेपर्यंत आपण मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. आणि वेग काही फुकट मिळत नाही, तीच बुलेट आणि तीच पावडर असताना तेवढ्याच बॅरलमधून जास्त वेग आला तर तो जास्त प्रेशरनेच आलेला असतो. ३०८ वाल्यांना दहा जणांचे अनुभव ताडून बघता येतात, आपल्याला ती चैन नाही, आपल्याजवळ क्रोनोग्राफ आहे.

घरी येऊन कारण शोधलं. मॅन्युअलमध्ये ज्या कंपनीच्या केस वापरल्या होत्या त्या मेकच्या चार-पाच रिकाम्या केस माझ्याकडे पडल्या होत्या. दोन्ही मेकच्या उडवलेल्या, साईझ न केलेल्या केस घेतल्या, जुना प्रायमर आतच ठेवला म्हणजे पाणी गळत नाही. कोरडं वजन केलं, मग ड्रॉपरने थेंब थेंब पाणी भरत गेलो. शेवटी शेवटी पाणी तोंडाच्या वर फुगून येतं, तेव्हा टिपकागदाचं टोक हलकेच लावून पातळी सपाट करायची आणि परत तोलायचं. माझ्या केसमध्ये दोन ग्रेनच्या आसपास पाणी कमी मावत होतं. भिंती जाड, आतली जागा कमी, तेवढ्याच पावडरला प्रेशर जास्त. सगळा हिशोब जुळला.

मग आणखी अर्धा ग्रेन खाली उतरलो आणि तिथेच पाच-पाच शॉटचे तीन ग्रुप उडवले, तिन्ही १०० मीटरवर दीड इंचाच्या आत. मला आणखी काही नको होतं. डब्याच्या लेबलवर केसचा मेक, कितव्यांदा भरली, प्रायमर, पावडरचा लॉट नंबर, त्या दिवशीचं तापमान, सरासरी वेग आणि 'फक्त ९८ ॲक्शन' एवढं लिहून ठेवलंय. ही चाचणी थंडीत झाली, तेव्हा कडक उन्हाळ्यात पाच काडतुसं परत क्रोनोग्राफवरून जातील, गरमीत वेग चढला तर चार्ज आणखी उतरवीन. पावडरचा हा डबा संपत आलाय, नवीन आणलाय तो वेगळ्या लॉटचा, तेव्हा येत्या रविवारी पुन्हा सुरुवातीच्या चार्जपासून.