पहिलं काँट्रॅक्ट: कॅरिबियनच्या क्रूझवर बुफे स्टुअर्ड म्हणून

फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलला लागून पोर्ट एव्हरग्लेड्स बंदर आहे. तिथून सुटणाऱ्या एका मोठ्या क्रूझ जहाजावरचं माझं पहिलं काँट्रॅक्ट संपवून मी नुकतीच घरी आले. नासाऊ, जमैकातलं फाल्मथ, ग्रँड केमन, कोझुमेल आणि परत फ्लोरिडा, असा आमचा फेरा. काम बुफे स्टुअर्डचं. आमच्या चिपळूणकडे बोटीवर गेलेले पुरुष पुष्कळ सापडतात, बोटीवर गेलेली मुलगी विरळाच. त्यामुळे घरी आल्यापासून मुली आणि त्यांच्या आया चौकशीला येत आहेत. त्यांना तोंडी सांगते ते इथे लिहून ठेवते.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. बोटीवर पाय ठेवला की तुम्ही आधी दर्यावर्दी आणि मग वेटर, हाउसकीपर किंवा कुक. हॉटेल मॅनेजमेंट केलेल्या मुलांना हे कोणी नीट सांगत नाही. कागदपत्रं, ट्रेनिंग, झोप, तुमचे हक्क, सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

कागदांचा क्रम असा. पासपोर्टनंतर इंडोस नंबर, म्हणजे नाविकाचा सरकारी नोंदणी क्रमांक, कारण तो नसेल तर कोर्सला प्रवेश नाही. मग पीएसटी (समुद्रात जीव वाचवणं), एफपीएफएफ (आग रोखणं आणि विझवणं), ईएफए (प्रथमोपचार) आणि पीएसएसआर (स्वतःची सुरक्षितता आणि जबाबदाऱ्या) हे सेफ्टीचे चार बेसिक कोर्स, त्यावर सिक्युरिटीचा एसटीएसडीएसडी आणि प्रवासी जहाजासाठीचं वेगळं ट्रेनिंग. पीएसटीमध्ये लाइफ जॅकेट घालून पाण्यात उडी मारावी लागते आणि उलटा झालेला लाइफराफ्ट सरळ करावा लागतो. पाण्याची भीती असेल तर आधीच एखाद्या तलावावर जाऊन ती घालवा. यातल्या पीएसटी आणि एफपीएफएफची उजळणी दर 5 वर्षांनी करावी लागते. सीडीसी, म्हणजे आपलं नाविकाचं पुस्तक, शिपिंग मास्टरच्या कार्यालयाकडून मिळतं, अर्ज ऑनलाइन होतो आणि ते 10 वर्षं चालतं. मेडिकल डीजी शिपिंगच्या, म्हणजे जहाज वाहतुकीचं काम बघणाऱ्या सरकारी खात्याच्या, मान्यताप्राप्त डॉक्टरकडूनच करा. पिवळ्या तापाची लस मागितली तर ती शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका, तिचं प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर 10 दिवसांनी लागू होतं. एकदा घेतली की ती आयुष्यभर ग्राह्य असते.

अमेरिकेच्या बंदरातून चढायचं असेल तर सी-वन-डी, म्हणजे जहाजावरच्या कर्मचाऱ्यांचा, व्हिसा लागतो. मुंबईकरांची मुलाखत बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुल) अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये होते. मला विचारलं ते एवढंच: कोणतं जहाज, काय काम, काँट्रॅक्ट कधी संपतं, आधी कुठे काम केलंय. खरं आणि थोडक्यात सांगा. पाठ केलेलं इंग्रजी समोरच्याला लगेच कळतं.

आता पैशांचं. नोकरी लावून देण्यासाठी कोणी लाख-दीड लाख मागत असेल तर तिथून उठून या. सागरी कामगार करार, म्हणजे एमएलसी 2006, नाविकाकडून नोकरीपोटी फी घेऊ देत नाही. मेडिकल, सीडीसी आणि पासपोर्टचा खर्च तेवढा आपला, व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा. काही ठिकाणी व्हिसाचे पैसे आधी आपल्याला भरायला सांगतात आणि बोटीवर परत देतात. त्याची पावती जपून ठेवा. एजंटकडे आरपीएसएल, म्हणजे नाविक भरतीचं सरकारी लायसन्स आहे का, ते डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर नंबर टाकून तपासा. ऑफिस चकाचक आहे, भिंतीवर जहाजाचे फोटो आहेत, यावर जाऊ नका. आमच्याच तालुक्यातला एक मुलगा खोटं जॉइनिंग लेटर घेऊन विमानतळावरून परत आला. घरच्यांनी त्यासाठी दागिने गहाण ठेवले होते. त्या माउलीचा चेहरा आठवला की आजही मला राग येतो, म्हणून हे इतकं ठासून लिहिते आहे.

जॉइनिंगचा दिवस धावपळीचा. लांबचं विमान, रात्री हॉटेल, सकाळी व्हॅनने बंदर. गँगवे, म्हणजे जहाजाचा जिना, चढल्यावर पासपोर्ट आणि सीडीसी क्रू ऑफिसात जमा होतात, म्हणून सगळ्या पानांचे फोटो आधीच काढून घरी पाठवून ठेवा. हातात येतं क्रू कार्ड, केबिनची चावी आणि एक छोटं सेफ्टी कार्ड. त्या कार्डावर तुमचा इमर्जन्सी नंबर, मस्टर स्टेशन, म्हणजे संकटात जमायची जागा, आणि आणीबाणीतलं काम लिहिलेलं असतं. माझं काम होतं एका जिन्याच्या तोंडाशी उभं राहून प्रवाशांना योग्य दिशेने पाठवणं. दिसायला सोपं आहे. पण धुराने भरलेल्या जिन्यात हजारो माणसं उतरताना तिथे जागेवर कोणीतरी हवंच, आणि ती व्यक्ती मी होते. सात छोटे आणि एक लांब भोंगा वाजला की हातातला ट्रे खाली ठेवून निघायचं.

2012 च्या जानेवारीत इटलीजवळ कोस्टा काँकॉर्डिया खडकावर आदळली आणि 32 जणांचा जीव गेला. त्या जहाजावर नव्याने चढलेल्या कितीतरी प्रवाशांची मस्टर ड्रिल तोवर झालीच नव्हती. आता नियम असा की जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी प्रवाशांची मस्टर व्हायलाच हवी. प्रवासी जहाजावर क्रूची ड्रिलही दर आठवड्याला होते. ती अनेकदा नेमकी आपल्या मोकळ्या वेळात येते आणि बरोबरची मुलं कुरकुरतात. तुम्ही कुरकुरू नका. अमेरिकन कोस्ट गार्डचे अधिकारी तपासणीला आले की अगदी नव्या मुलीलाही थांबवून विचारतात, तुझं स्टेशन कुठलं, आग दिसली तर पहिलं काय करशील. आधी कळवायचं, मग विझवायला जायचं, हे उत्तर झोपेतही यायला हवं.

खालच्या डेकवरचे वॉटरटाइट, म्हणजे पाणी अडवणारे, दरवाजे हा नव्या क्रूसाठी सगळ्यात मोठा धोका. जाड पोलादी दार हायड्रॉलिकच्या जोरावर बाजूने सरकत येतं. घंटी वाजते, दिवा लुकलुकतो. मध्ये हात आला की ते थांबेलच असं धरून चालू नका, लिफ्टची सवय इथे घातक ठरते. दार पूर्ण उघडेपर्यंत लिव्हर धरायचा, दोन्ही हात मोकळे ठेवून पलीकडे जायचं, आणि हातात ट्रॉली किंवा क्रेट असेल तर दुसऱ्याला मदतीला बोलवायचं. मला हे शिकवणारा फिलिपिनो बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, स्वतः दारासमोर उभा राहिला आणि त्याने चौकटीत एक जाड लाकडी दांडा धरला. दाराने तो दांडा सहज मोडला. पुढे काही बोलायची त्याला गरज पडली नाही.

बुफेचं काम म्हणजे दिवसभर उभं राहणं, प्लेटा उचलणं, टेबलं पुसणं, काउंटर भरणं. खरी कसोटी स्वच्छतेची. अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या जहाजांवर व्हेसल सॅनिटेशन प्रोग्रामचे इन्स्पेक्टर न कळवता येतात. 100 पैकी गुण देतात, 86 च्या खाली आलं की जहाज नापास. बोटीवर या तपासणीला यूएसपीएच म्हणतात आणि हा शब्द तुम्ही रोज ऐकाल. थंड पदार्थ 5 अंशांच्या आत, डिशवॉशरचं शेवटचं विसळणं 82 अंशांवर. मशीनवरचा काटा वाचायला पहिल्याच दिवशी शिका. काटा खाली दिसला तर प्लेटा पुढे ढकलू नका, सुपरवायझरला बोलवा. गर्दीत त्याचा त्रासिक चेहरा बघावा लागतो, तरी बोलवा.

उलटी किंवा जुलाब झाले तर पगार कापतील या भीतीने लपवू नका. अन्नाशी संबंध असलेल्या क्रूला लक्षणं थांबल्यावरही 48 तास केबिनमध्ये वेगळं ठेवतात. उलटी-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस बोटीवर फार झपाट्याने पसरतो, आणि हँड सॅनिटायझर त्याच्यावर फारसा चालत नाही. साबण, पाणी आणि निदान 20 सेकंद चोळणं, हेच खरं. बोटीवर उपचार मोफत असतात. आजारी आजी-आजोबा आयुष्यभराची बचत घालून सहलीला आलेले असतात. त्यांच्या ताटाशी आपला हात जातो, हे विसरू नका.

आठवड्याचे सातही दिवस काम, रविवार नाही. दिवसाला 10-11 तास, तेही तुकड्यांत. मात्र विश्रांतीचा कायदा आहे: कोणत्याही 24 तासांत किमान 10 तास आणि 7 दिवसांत 77 तास. ते 10 तास दोनहून जास्त तुकड्यांत मोडता येत नाहीत आणि एक तुकडा सलग 6 तासांचा हवा. टाइमशीटवर सही करताना आकडे बघून करा. पहिला महिना पाय ठणकतात. काळे, न घसरणारे बूट दोन जोड न्या आणि रोज आलटून पालटून घाला. दुपारच्या ब्रेकमध्ये क्रू बारचा मोह टाळून झोपा.

केबिन दोघींची, बंक बेड, खिडकी नाही. माझी रूममेट इंडोनेशियाची होती, रात्रपाळीची. पडदा ओढून आवाज न करता कपडे बदलायची सवय दोघींनी लावून घेतली आणि भांडण कधी झालं नाही. उदबत्ती, मेणबत्ती, पाणी तापवायचा रॉड, इस्त्री, साधा एक्स्टेन्शन बोर्ड, यातलं काहीही नेऊ नका, तपासणीत जप्त होतं. टॉयलेट व्हॅक्यूमचं असतं, पॅड त्यात टाकला तर अख्ख्या कॉरिडॉरची लाइन तुंबते. डाळ-भात क्रू मेसमध्ये मिळतो, पण गोडा मसाला नाही. घरचं अन्न आणायला परवानगी आहे का ते कंपनीला आधी विचारा, आणि अमेरिकेच्या कस्टम्सच्या फॉर्मवर काहीही लपवू नका.

मुलींसाठी खास: प्रवाशाच्या केबिनमध्ये कामाशिवाय पाऊल टाकायचं नाही, त्यात नोकरी जाते. सहकारी किंवा वरिष्ठ त्रास देत असेल तर तारीख-वेळ लिहून ठेवा आणि एचआरकडे लेखी द्या. तक्रार करणाऱ्याला त्रास देणं एमएलसीत बसत नाही. कॉरिडॉरमध्ये कॅमेरे असतात, त्यांचा उपयोग होतो.

बंदरात उतरायला मिळालं तर फोनच्या घड्याळावर विसंबू नका. उन्हाळ्यात फ्लोरिडाची घड्याळं एक तास पुढे असतात, कोझुमेल, जमैका आणि केमनची नसतात. आमचं जहाज फ्लोरिडाच्या वेळेवर चालायचं, फोन मात्र किनाऱ्यावर स्वतःहून एक तास मागे जायचा. शिपटाइमवर, म्हणजे जहाजाच्या वेळेवर, लावलेलं साधं मनगटी घड्याळ घाला. केमनला जहाज धक्क्याला लागत नाही, किनाऱ्यावर नेणाऱ्या छोट्या टेंडर बोटीने जावं लागतं, म्हणून मोकळा वेळ कमी असेल तर तिथे उतरू नका. नासाऊला जुनकानू बीच बंदरातून चालत गाठता येतो, पैसे लागत नाहीत. पोर्ट एव्हरग्लेड्सला नाविकांसाठीचं सीफेअरर्स हाउस आहे. घरी निवांत बोलायला मला तीच जागा सगळ्यात आवडली.

पगार डॉलरमध्ये असतो. जायच्या आधी बँकेत एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या, खात्याची चौकशी करा. आयकरात अनिवासी धरलं जाण्यासाठी आर्थिक वर्षात भारतातला मुक्काम 182 दिवसांपेक्षा कमी हवा. काँट्रॅक्ट मार्चच्या दोन्ही बाजूंना निम्मं-निम्मं विभागलं गेलं तर दोन्ही वर्षांत परदेशातले दिवस अपुरे पडू शकतात. जॉइनिंगची तारीख हातात असेल तर ती ठरवतानाच नाविकांचं काम करणाऱ्या सीएला दाखवा.

साइन ऑफच्या, म्हणजे काँट्रॅक्ट संपवून उतरायच्या, आठवड्यात चार गोष्टी मागून घ्या: सीडीसीतली नोंद आणि शिक्का, सी सर्व्हिस लेटर (बोटीवरच्या कामाचा दाखला), अप्रेझलची (कामाच्या मूल्यमापनाची) प्रत आणि हिशेबाची शेवटची पावती. हात भाजला असेल, पाठ धरली असेल तर उतरण्याआधी बोटीच्या डॉक्टरकडून नोंद करून घ्या. घरी पोचल्यावर ती नोंद मिळवणं फार अवघड जातं. हे सगळं हातात आल्याशिवाय गँगवे उतरू नका.