एका कावूडलची किंमत

फोनवरच्या बाईंनी पाच हजार पाचशे डॉलर हा आकडा सांगितला, तेव्हा आपल्या ऐकण्यात चूक झाली असावी असे वाटून मी तो पुन्हा विचारला. रुपयांत ती रक्कम तीन लाखांच्या घरात जात होती, आणि ज्या पिल्लासाठी ती होती त्याची आई कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल, तर बाप टॉय पूडल होता. या संकराला इथे कावूडल म्हणतात. म्हणजे पुण्यात आम्ही ज्याला सरळ ‘क्रॉस’ म्हटले असते असे ते पिल्लू होते. माझ्या लहानपणी वाड्यात कोणी कुत्रा आणला की पहिला प्रश्न ‘प्युअर आहे की क्रॉस?’ हाच असे, आणि क्रॉस म्हटले की त्याचा भाव लगेच उतरे. मेलबर्नमध्ये मला नेमके उलटे चित्र दिसत होते. हे असे का, ते समजल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत असे मी त्या दिवशी ठरवले, आणि ते समजून घेण्यात आमचे सात महिने गेले.

आम्ही मेलबर्नच्या पश्चिमेकडील टारनीट या उपनगरात राहतो. आमची मुलगी दहा वर्षांची आहे आणि सात वर्षांची असल्यापासून तिला कुत्रा हवा होता. अडचण माझ्या पतींच्या अ‍ॅलर्जीची होती. मित्राच्या लॅब्रॅडॉरशेजारी अर्धा तास बसले की त्यांचे डोळे लाल होत, शिंकांवर शिंका येत, आणि एकदा तर रात्री धाप लागून पंप घ्यावा लागला होता. अशा घरात कुत्रा आणायचा तर तो केस न गाळणारा हवा, आणि तसा कुत्रा म्हणजे ज्याच्या नावाच्या शेवटी ‘ऊडल’ येते तो, असे आम्हाला ओळखीच्या प्रत्येकाने सांगितले. कावूडल, ग्रूडल, स्पूडल, लॅब्राडूडल, सगळे कुरळ्या केसांच्या पूडलचे संकर. आमच्या गल्लीतील बागेत संध्याकाळी येणाऱ्या कुत्र्यांपैकी निम्मे तरी याच कुळातील असतात.

या कुळाची कीर्ती ज्या कुत्र्यामुळे झाली, तो आमच्याच राज्यात, व्हिक्टोरियात जन्मला, हे मला शोध सुरू केल्यावर कळले. पूडलचे संकर अमेरिकेत त्याआधी काही दशकांपासून होत होते, परंतु त्यांना आजची प्रतिष्ठा मिळाली ती लॅब्राडूडलमुळे. हवाईमधील एका अंध स्त्रीला मार्गदर्शक कुत्रा हवा होता आणि तिच्या पतीला कुत्र्यांची अ‍ॅलर्जी होती. ऑस्ट्रेलियाच्या रॉयल गाइड डॉग्ज असोसिएशनमध्ये प्रजननाचे काम पाहणारे वॉली कॉनरन यांनी आधी अनेक पूडल तपासले. पण अंधांना वाट दाखवण्याचे काम त्यांच्यापैकी एकालाही जमेना. शेवटी त्यांनी लॅब्रॅडॉर मादी व स्टँडर्ड पूडल नर यांची वीण घेतली आणि १९८९ मध्ये तीन पिल्ले जन्मली. तिघांच्या लाळेचे व केसांचे नमुने हवाईला पाठवण्यात आले. त्या गृहस्थांना फक्त एका पिल्लाच्या नमुन्याचा त्रास झाला नाही. त्याचे नाव सुलतान. तोच पुढे प्रशिक्षण घेऊन हवाईला गेला.

माझ्या दृष्टीने या हकिकतीचा खरा गाभा उरलेल्या दोन पिल्लांत आहे. आई तीच, बाप तोच, वीण तीच, आणि तरीही तिघांपैकी दोघांनी त्या एकाच माणसाला त्रास दिला. ही गोष्ट पहिल्याच विणीत उघड झाली होती, पण लोकांपर्यंत पोहोचले ते सुलतानचे यश. त्यातही एक टप्पा होता. मार्गदर्शक कुत्र्यांची पिल्ले प्रशिक्षणाआधी घरी सांभाळण्यासाठी प्रतीक्षायादीत असलेल्या लोकांना संकरित पिल्ले नको होती. मग कॉनरन यांनी त्यांना ‘लॅब्राडूडल’ हे नवे नाव दिले, ते वृत्तमाध्यमांत जाहीर झाले, आणि ज्या पिल्लांना कोणी विचारत नव्हते त्यांच्यासाठी दूरध्वनी खणखणू लागले. कुत्रा बदलला नव्हता, नाव बदलले होते. पुढे केवळ पैशासाठी आंधळेपणाने संकर करणारे पाहून कॉनरन अतिशय व्यथित झाले, आणि २०१९ मध्ये एबीसी या ऑस्ट्रेलियाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेशी बोलताना, ही पैदास सुरू केली हीच आपल्या आयुष्यातील मोठी खंत आहे, असे त्यांनी सांगितले.

हे वाचल्यावर मी पिल्ले पाहणे थांबवले आणि पतींना अ‍ॅलर्जीतज्ज्ञांकडे घेऊन गेले. आमच्या सात महिन्यांतील हे सर्वांत शहाणपणाचे पाऊल होते आणि ते आम्ही पहिलेच टाकायला हवे होते. डॉक्टरांनी शांतपणे समजावले की माणसाला त्रास केसाचा होत नाही. कुत्र्याच्या लाळेत, त्वचेच्या कोंड्यात आणि लघवीत असलेल्या प्रथिनांचा होतो. केस हे त्या प्रथिनांचे केवळ वाहन आहे. केस कमी गळले तर घरात पसरणारा कोंडा काही प्रमाणात कमी होऊ शकतो, पण प्रत्येक कुत्रा यांतील काही प्रथिने तयार करतोच, आणि एकाच जातीच्या दोन कुत्र्यांत त्यांचे प्रमाण फार वेगळे असू शकते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात, अ‍ॅलर्जी न करणारे म्हणून नावाजलेल्या जातींच्या केसांत ‘कॅन एफ १’ या मुख्य प्रथिनाचे प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा उलट अधिक आढळले होते. लॅब्राडूडलच्या घरातील जमिनीवरच्या धुळीत ते थोडे कमी होते, मात्र घरातील हवेत काहीच फरक नव्हता. अ‍ॅलर्जी न होणारी जात अस्तित्वात नाही, असे डॉक्टरांनी निःसंदिग्धपणे सांगितले.

त्यानंतर त्यांनी रक्ताची एक सविस्तर चाचणी करायला सांगितली, जिच्यात कुत्र्याच्या कोणत्या प्रथिनाला शरीर विरोध करते हे वेगवेगळे पाहता येते. पतींच्या अहवालात ‘कॅन एफ १’ला विरोध जवळजवळ नव्हता. होता तो ‘कॅन एफ ५’ला. हे प्रथिन नर कुत्र्याच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होते आणि लघवीवाटे त्याच्या अंगावर व घरात पसरते. मादीच्या शरीरात ते तयार होत नाही. मित्राचा तो लॅब्रॅडॉर नसबंदी न केलेला नर होता. डॉक्टरांनी हमी दिली नाही, आणि त्यांनी ती दिली नाही म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. पण मादी कुत्री निवडून, तिच्या सहवासात अनेकदा बसून पाहावे, असे त्यांनी सुचवले. ज्या एका गोष्टीसाठी आम्ही पाच हजार पाचशे डॉलर देण्याच्या तयारीत होतो, त्या गोष्टीशी कुरळ्या केसांचा फारसा संबंधच नव्हता.

मग आता कोणतीही मादी चालणार होती, आणि आम्ही प्राणी निवाऱ्यातून कुत्रा आणण्याचा मनापासून प्रयत्न केला. तिथे आम्हाला भेटले ते बहुतांश ग्रेहाउंड, स्टाफी आणि केल्पी; सुंदर, गुणी कुत्रे, पण आमचे अंगण लहान आणि आम्ही सर्वच नवखे. दोन लहान माद्यांसाठी आम्ही अर्ज केले. दोन्ही वेळा दुसरे कुटुंब निवडले गेले, आणि त्यांची निवड योग्यच होती, कारण त्यांच्याकडे दिवसभर घरी असणारे माणूस होते. अशा रीतीने आम्ही पुन्हा कावूडलकडे वळलो. आकार लहान, स्वभाव माणसाळू, मुलांत रमणारा, हे गुण कॅव्हेलियरकडून बऱ्याच अंशी येतात. फरक एवढाच झाला की विक्रेत्यांना आम्ही आता वेगळे प्रश्न विचारू लागलो.

विचारलेल्या प्रश्नांना मिळालेली उत्तरे हा एक स्वतंत्र धडा होता. एका ठिकाणी निळसर करड्या ठिपक्यांच्या, ‘मर्ल’ रंगाच्या पिल्लाची किंमत भावंडांपेक्षा दीड हजाराने अधिक होती. हा रंग ना कॅव्हेलियरमध्ये मान्य आहे ना पूडलमध्ये, म्हणजे तो कुठल्यातरी तिसऱ्याच कुत्र्याकडून आला असणार. आणि मर्ल नर व मर्ल मादी यांची वीण घेतली तर काही पिल्ले बहिरी किंवा डोळ्यांनी अधू जन्मण्याचा मोठा धोका असतो. मला हे विचारतानाच वाईट वाटले, कारण समोरच्या तरुणाला यातले काहीही ठाऊक नव्हते. दुसरीकडे पिल्लाची आई दाखवण्याची विनंती केली, तेव्हा भेट पेट्रोल पंपाच्या वाहनतळावर ठरवण्यात आली. आम्ही गेलो नाही. तिसऱ्याने ‘एफ वन बी’ पिल्ले आहेत म्हणून जास्त भाव सांगितला. याचा अर्थ पहिल्या पिढीच्या संकराची पुन्हा पूडलशी वीण घेतलेली असते, त्यामुळे पिल्लात तीन चतुर्थांश पूडल येतो आणि केस अधिक कुरळे होण्याची शक्यता वाढते. पण ‘हमखास अ‍ॅलर्जीमुक्त’ हे त्याचे शब्द होते, आणि तसे म्हणणाऱ्याकडून काही घ्यायचे नाही हे आता पक्के झाले होते.

व्हिक्टोरियात २०१७ मध्ये झालेल्या कायद्याचा आम्हाला फार उपयोग झाला. जुलै २०१८ पासून इथल्या दुकानांत ब्रीडरकडची पिल्ले विकता येत नाहीत, तिथे फक्त निवाऱ्यांतून आलेले प्राणी मिळतात; आणि प्रत्येक जाहिरातीत विक्रेत्याचा सरकारी नोंदवहीतील क्रमांक व पिल्लाचा मायक्रोचिप क्रमांक द्यावा लागतो. व्यावसायिक पैदाशीत माद्यांच्या संख्येवरही मर्यादा आहे. किंमत चढी राहण्यामागे हेही एक कारण असावे, असे मला वाटते. पिल्ले कारखान्यासारखी काढता येत नाहीत आणि मागणी तर २०२० च्या दीर्घ टाळेबंदीत एकदम वाढली. आमच्या परिचयातील तीन कुटुंबांनी त्याच वर्षी कुत्रा घेतला होता.

शेवटी ज्यांच्याकडून आम्ही पिल्लू घेतले, त्या बाई व्हिक्टोरियातील गिप्सलँड भागात राहतात आणि त्यांच्याकडे तीनच माद्या आहेत. किंमत चार हजार दोनशे डॉलर, त्यापैकी पाचशे इसार. मी संकोच बाजूला ठेवून त्यांना विचारले की हे पैसे नेमके कशाचे आहेत, आणि त्यांनी स्वयंपाकघरातील टेबलावर फाइल उघडून ठेवली. कॅव्हेलियर या जातीत हृदयाची झडप निकामी होण्याचा विकार अतिशय मोठ्या प्रमाणावर आढळतो, म्हणून मादीची दरवर्षी पशुहृदयरोगतज्ज्ञाकडून तपासणी केलेली होती. बापाच्या बाजूने पूडलमध्ये येणारा, हळूहळू दृष्टी घालवणारा डोळ्यांचा आनुवंशिक आजार नाही, असा जनुकीय अहवाल होता. गुडघ्याची वाटी सरकत नसल्याचा दाखला होता. मागच्या विणीत मादीचे सिझेरियन करावे लागले होते, त्याचे बिल होते. संकर म्हणजे आपोआप निरोगी, हा समजही त्यांनीच खोडून काढला. २०२४ मध्ये लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने कावूडलसह तीन पूडल संकरांची त्यांच्या मूळ जातींशी तुलना केली, तेव्हा बहुसंख्य आजारांच्या बाबतीत काही फरक आढळला नव्हता. ‘दोन्हीकडचे चांगलेच येईल असे कोणी सांगू शकत नाही, वाईट काय येऊ शकते ते मी तपासून घेते,’ असे त्या म्हणाल्या. आयुष्यात केव्हाही सांभाळणे अशक्य झाले तर कुत्रा त्यांनाच परत द्यायचा, ही अट करारात लिहिलेली होती.

पती तीन रविवारी तिथे जाऊन पिल्लांच्या आईला मांडीवर घेऊन बसले. पहिल्या रविवारी आम्ही घड्याळाकडे पाहत होतो. तिसऱ्या रविवारी ते विसरलो. पिल्लू आठ आठवड्यांचे झाल्यावर, लस व चिप झाल्यावर, आम्ही ते घरी आणले. रंग तांबूस असल्याने मुलीने तिचे नाव बुंदी ठेवले.

किंमत तेवढ्यावर थांबली नाही, हे मात्र पुढे घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. न गळणारा केस वाढत राहतो आणि गुंततो. नवव्या महिन्यात बुंदीचे पिल्लाचे केस जाऊन मोठ्या कुत्र्याचे केस आले, तेव्हा मी रोज विंचरूनही कानांमागे व काखेत इतकी जट झाली की सगळे अंग भादरावे लागले. कातडी ओढली जाऊन तिला त्रास झाला याचे मला आजही वाईट वाटते. आता दर सहा आठवड्यांनी केस कापायला शंभराहून अधिक डॉलर लागतात. पतींना क्वचित शिंका येतात, पण पंप लागलेला नाही. झोपण्याच्या खोलीत ती जात नाही, आणि तिला हाताळल्यावर ते हात धुतात.

विणीतील चारही भावंडे वर्षाची झाली, तेव्हा बाईंनी सर्वांना बोलावले होते. बुंदीचे केस लोकरीसारखे दाट, एका बहिणीचे नुसते लहरदार, आणि एका भावाचे चक्क सरळ, आईसारखे रेशमी. त्याच्या घरच्या बाईंच्या काळ्या कोटावर तांबूस केस चिकटले होते. न गळणारा म्हणूनच त्यांनी तो घेतला होता, आमच्याइतकेच चार हजार दोनशे देऊन. मी विचारले तेव्हा त्यांनी कोट झटकला, त्याला उचलून घेतले आणि म्हणाल्या की परत देण्याबद्दल गिप्सलँडच्या बाईंनी विचारले होते, पण घरात कोणीही तयार झाले नाही.