पाच, वर थोडं

बेळगावात उद्यमबागेला माझं गॅरेज आहे. खानापूरकडच्या एका गिऱ्हाइकाची जुनी जीप पावसाळ्यात जांबोटीच्या पुढं लाल चिखलात बसली. पुढच्या एक्सलचा सांधा तिसऱ्यांदा तुटला होता. "आता जाडच बसवा हो," म्हणत त्यानं डाना 44 जातीचा जुना पुढचा एक्सल टेम्पोत घालून आणला.

अवघड ते सगळं आम्ही नीट केलं. डिफ्रन्शियलचा गोळा उजवीकडं, म्हणजे ट्रान्सफर केसचं (इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणाऱ्या पेटीचं) तोंड ज्या बाजूला त्याच बाजूला आहे ना, ते बघितलं. स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठका वेल्ड करण्याआधी कॅस्टर, म्हणजे चाक ज्या खुंटावर वळतं त्याचा मागं कल, तीन अंशांवर धरला. तेवढा कल नसला की स्टिअरिंग भरकटतं. रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्ट किती फिरतो ते, मोजायचं सोपं काम तेवढं पोरावर सोपवलं. एक चाक जमिनीवर, दुसरं जॅकवर. उचललेलं चाक दोन फेरे फिरवायचं (दुसरं थांबलेलं असलं की दोनाचा एकच धरायचा) आणि शाफ्ट किती फिरला ते खडूच्या खुणेवर मोजायचं.

"किती रे?"

"पाच, मामा."

"मागचा?"

"मोजलो की. पाचच. वर थोडं."

ते 'थोडं' मी ऐकलं आणि सोडून दिलं.

चिखलात गाडी झकास चढली. गिऱ्हाईक खूश. तसेच फोर बाय फोरमध्ये डांबरावर आलो, तर वळणावर गाडी अडखळायला लागली. फोर बाय फोर काढायचा दांडा ओढला, हलेना. काय अडकलंय बघू म्हणून पुढचं चाक जॅकवर घेतलं. टायरनं जमीन सोडली मात्र, चाक आपोआप गर्रकन फिरलं आणि नटाला लावलेला पाना माझ्या कानाजवळून गेला. दांडा मग बोटानं निघाला.

गॅरेजात येऊन दोन्ही झाकणं उघडली. पुढं क्राऊनला, म्हणजे आतल्या मोठ्या दातेरी चाकाला, 39 दात, मागं 43. त्याला फिरवणारा शाफ्टकडचा छोटा पिनियन दोन्हीकडं 8 चा. म्हणजे पुढं 4.88, मागं 5.38. फोर बाय फोरमध्ये दोन्ही शाफ्ट सारखेच फिरतात, मग पुढची चाकं दहा टक्के जास्त पळायला बघणार, मागची त्यांना ओढून धरणार. चिखलात टायर घसरून फरक जिरवतात. डांबरावर कुठं जाणार? सगळा पीळ शाफ्टात साठतो.

चूक माझी होती, मजुरी घेतली नाही. 43-8 चा जोड शोधून आणला. शिमच्या पातळ चकत्या घालून, निळा रंग लावून दातांचा ठसा बघण्यात पुढचे दोन दिवस गेले.

झाकण लावल्यावर पोराला म्हटलं, "आता दोन नाही, सोळा फेरे फिरव. शाफ्टचे त्रेचाळीस यायला पाहिजेत."

एकतीसला त्याचा आकडा चुकला. पहिल्यापासून लागला.