मस्कतचा मीटर, विजयदुर्गची गाडी

या वर्षी गणपतीला घरी गेलो तेव्हा बॅगेत खजुराच्या डब्यांशेजारी, टॉवेलात गुंडाळलेला माझा मल्टीमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचा मीटर, होता. मस्कतला वादी कबीरच्या गॅरेजमध्ये अकरा वर्षं तो रोज माझ्या हातात असतो. दादानेच फोनवर बजावलं होतं, "येताना तुझो तो मीटर घेवन ये. गाडी गचके खाता हा."

गाडी वीस वर्षांची, पेट्रोलवरची. विजयदुर्गहून गिर्येच्या बाजूला जराशी चढाची वाट लागली आणि ॲक्सिलरेटरवर पाय नुसता टेकवला की इंजिन क्षणभर दम सोडायचं आणि मग एकदम उसळायचं. आयडलिंग, म्हणजे पाय उचललेला असतानाचा इंजिनाचा वेग, कधी चढतं, कधी पडतं. मे महिन्यात दादा याच गाडीतून आंब्याच्या पेट्या घेऊन करूळ घाटाने कोल्हापूरला गेला होता. वळणावर मागे ट्रक असताना गाडीने दम सोडला तर काय, या विचाराने मला तिकडे झोप लागली नव्हती. दोन हजार किलोमीटरवर बसलेल्या माणसाला असल्या गोष्टी फार मोठ्या वाटतात.

तोवर प्लग बदलून झाले होते, फिल्टर झाला होता आणि जूनमध्ये नवीन थ्रॉटल पोझिशन सेन्सरही बसला होता. गचके तसेच. आता मेकॅनिक म्हणत होता की ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, बदलायला लागेल. त्याचा आकडा ऐकून वैनी गप्पच झाली होती.

हा सेन्सर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत टीपीएस, जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखा असतो. आत एक पट्टी आणि तिच्यावर सरकणारी जीभ. थ्रॉटलची झडप, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी, जितकी उघडेल तितकी जीभ पुढे जाते. वायरी तीन: एकीतून ईसीएम ५ व्होल्ट देतो, दुसरी अर्थिंगची (आम्ही तिला नुसतं 'अर्थ' म्हणतो), तिसरीतून सिग्नल परत जातो. बंद थ्रॉटलला साधारण अर्धा व्होल्ट, पाय पूर्ण दाबला की चार-साडेचार. एवढ्यावरून ईसीएमला कळतं की पाय किती आणि किती झटकन दाबलाय. कार्बोरेटरच्या गाडीत पाय मारताच पेट्रोलची एक पिचकारी जादा जायची, तिच्यासाठी वेगळा पंप असायचा. इंजेक्शनच्या गाडीत ती जादा मात्रा ईसीएम याच सिग्नलवर ठरवतो. सिग्नल उगाच थरथरला तर त्याला वाटतं पाय मारला, पाय काढला, पाय मारला. तेच आपल्याला गचके म्हणून जाणवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावसाने उघडीप दिली तेव्हा गाडी खळ्यात घेतली. आधी ॲक्सिलरेटर केबलची ढील बघितली, थ्रॉटल बॉडीतला कार्बन पुसला, झडप अडकत नाही याची खात्री केली. झडपच पूर्ण मिटत नसेल तर सेन्सरच्या आकड्याला अर्थ नाही.

मग आईच्या शिवणाच्या डब्यातल्या दोन सुया मागितल्या. वायरी सेन्सरला जोडणारा कपलर जोडलेलाच ठेवून त्याच्या मागच्या बाजूने, वायरीच्या कडेने रबराच्या सीलमधून सुई आत सरकवायची आणि मीटरची टोकं सुयांना लावायची. दोन सुया एकमेकींना टेकू द्यायच्या नाहीत. वायरीचं आवरण टोचून मोजणारे खूप आहेत. कोकणात तर ते कधीच करू नये. त्या एवढ्याशा भोकातून खारी हवा आत शिरते आणि दोन पावसाळ्यांत तांबं आतून कुजतं, बाहेरून वायर धडधाकट दिसत राहते.

इग्निशन चालू, इंजिन बंद. मीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर. पहिल्या वायरीवर ४.९८, छान. अर्थच्या वायरीवर जवळजवळ शून्य यायला हवं, पन्नास मिलिव्होल्टच्या आत. आलं ०.३१. सिग्नल ०.८६, म्हणजे पाय उचललेला असूनही ईसीएमला तो थोडा दाबलेला दिसत होता. आयडलिंग ठरत नव्हतं ते यामुळेच.

पुतण्याला सीटवर बसवून पाय अगदी हळू, दहा आकडे मोजत दाबायला लावला. ०.८६ वरून ४.३ पर्यंत कुठेही न अडखळता आकडा चढला. सेन्सरची पट्टी घासलेली असती तर मधेच आकडा पडला असता. (यासाठी काट्याचा मीटर अधिक चांगला, काटा थरथरलेला डोळ्याला लगेच दिसतो.) म्हणजे नवीन सेन्सर चांगला होता.

मग पाय उचललेला असताना स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने कपलरजवळ हलकेच ठोकलं. ०.८६ चं १.२ झालं, परत खाली आलं. दादा माझ्या खांद्यावरून बघत होता. म्हणाला, "ह्यां तर गाडी हललेवर पण होतला!" तेच होत होतं.

कपलर उघडला. अर्थची पिन हिरवी. शेवाळासारखा मऊ, ओलसर हिरवा थर, नखाने खरवडला तर खाली काळपट तांबं. मस्कतही समुद्राकाठीच आहे, ओमानचं आखात म्हणजे याच अरबी समुद्राचा फाटा, हेच मीठ. पण तिथे वर्षभरात शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस, कोकणात अडीच-तीन हजार. तिकडे उन्हाने कपलरच्या क्लिपा कडक होऊन तुटतात. अशी हिरवी पिन आपल्याकडचीच. मेकॅनिकने सेन्सर बदलला, पण हार्नेसच्या, म्हणजे गाडीच्या वायरींच्या जुडग्याच्या, बाजूचा कपलर जुनाच राहिला, आणि रोग तिथे होता.

कॉन्टॅक्ट क्लीनर मारून मऊ ब्रशने घासलं, सैल झालेली पिन सुईने आवळली, कोरडं झाल्यावर सीलला सिलिकॉन ग्रीस लावलं. अर्थ ०.०२ वर आला. सिग्नल आपोआप ०.६० ला उतरला.

उरलेलं काम सेटिंगचं. या गाडीच्या मॅन्युअलात बंद थ्रॉटलला ०.५० दिलंय आणि सेन्सरच्या स्क्रूंची भोकं लांबट आहेत, म्हणजे तो फिरवता येतो. दोन्ही स्क्रू अर्धा आटा सैल करून सेन्सर केसभर फिरवला. स्क्रू आवळताना तो पुन्हा सरकतो, म्हणून मीटरवर नजर ठेवून थोडा एक, थोडा दुसरा असं आवळावं लागतं. तीनदा चुकलं, चौथ्यांदा ०.५० वर थांबलं. पूर्ण दाबल्यावर ४.१६. झडपेच्या स्टॉप स्क्रूला मात्र हात लावला नाही, तो कारखान्यात बसवलेला असतो. शेवटी बॅटरीचा निगेटिव्ह थोडा वेळ काढून ठेवला, म्हणजे ईसीएम जुनं शिकलेलं विसरतो.

तुमची गाडी केबलऐवजी इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची असेल तर यातलं सेटिंग तुमच्यासाठी नाही. तिथे दोन पट्ट्या असतात, ईसीएम दोन्ही ताडून बघतो. इग्निशन चालू असताना त्या झडपेत बोट घालू नका. ती झटकन मिटते.

पडेल कॅन्टीनच्या नाक्यापर्यंत दादाने चालवली, मी बाजूला. गिर्येच्या चढावर त्याने मुद्दाम पाय उचलून पुन्हा टेकवला. गाडी नुसती पुढे गेली. दादा काही बोलला नाही, फक्त तिसऱ्याचा चौथा गिअर टाकला. येताना आईने सांगितलेल्या दुर्वा घेतल्या.

०.५० आणि ४.१६ हे दोन आकडे मी मार्करने बॉनेटच्या आतल्या बाजूला लिहून आलोय. मीटरही तिथेच ठेवला, इथे मस्कतला दुसरा घेतला. काल दादाने फोटो पाठवला: दोन सुया, खळ्यातलं ऊन आणि मीटरवर ०.५१. एका शतांशाची काळजी नको, असं कळवलं, पण अर्थच्या वायरीवर किती येतंय ते सांग. त्याचं उत्तर अजून यायचंय.