तुम्ही विचारलंत म्हणून : फौजीची बायको ड्रॅगनच्या प्रेमकथा का वाचते

"काकू, तुम्ही फौजीच्या बायको. खरं युद्ध तुमच्या उंबऱ्यापर्यंत येऊन गेलेलं. मग ड्रॅगनवर बसून लढणाऱ्या पोरापोरींच्या प्रेमकथा तुम्ही वाचता तरी कशा?"

वाचनालयात पुस्तक बदलायला गेले की हे कुणीतरी विचारतंच. भिशीत विचारतात. धाकट्या जाऊबाईंनी तर दोनदा विचारलं, दुसऱ्यांदा जरा काळजीच्या सुरात. दर वेळी मी "आवडतात बाई" एवढंच म्हणून चहाकडे वळले. आज नीट सांगते.

2023 च्या दिवाळीत लेक पुण्याहून आली आणि जाताना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक पलंगावर विसरून गेली. 'फोर्थ विंग'. लेखिका रिबेका यारोस, अमेरिकन. त्याच वर्षी मे महिन्यात आलेलं पुस्तक. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेल्या बाईनं ते उघडावं असं त्याच्या मुखपृष्ठावर काही नव्हतं. फराळाचे डबे आवरून झाल्यावर सहज पहिलं पान काढलं, तर नायिकाच इतिहासाची निघाली. व्हायोलेट, वय 20, अंगानं नाजूक. वडिलांसारखं लेखनिक व्हावं, जुन्या कागदपत्रांत जन्म काढावा, एवढीच तिची इच्छा. पण आई सेनापती. तिनं पोरीला ड्रॅगनस्वारांच्या विभागात ढकललेलं. पहिल्याच दिवशी उंचावरच्या एका अरुंद दगडी पुलावरून चालत पलीकडे जायचं. पाय घसरला की संपलं. भीतीनं पोटात गोळा आला की ही मुलगी आपल्या देशाचा इतिहास-भूगोल घोकते, पाठ केलेला धडा म्हणावा तसा. त्या पानापासून ती माझी विद्यार्थिनी झाली.

मला खरं धरून ठेवलं ते मात्र पुढच्या एका प्रथेनं. त्या युद्धशाळेत रोज सकाळी सगळे रांगेत उभे राहतात आणि एक लेखनिक गेलेल्यांची नावं वाचतो. नावं संपली की सगळे आपापल्या तासाला जातात.

मी पुस्तक मिटलं आणि थोडा वेळ मागच्या अंगणात जाऊन बसले.

1999 चा जून, कारगिलचं युद्ध. लेक चार वर्षांची. हे तोफखान्यात हवालदार, द्रासच्या बाजूला. मे महिन्यात एक आंतरदेशीय पत्र आलं होतं, मार्फत 56 एपीओ, म्हणजे फौजेचा टपालाचा पत्ता. 'येथे सर्व क्षेम आहे. चिमणीला खोकला असेल तर काढा दे. पावसाआधी कौलं फिरवून घे.' त्यानंतर काही नाही. गावात एकच एसटीडी बूथ. त्याचा मालक मला रस्त्यात दिसला तरी छातीत धस्स व्हायचं, कारण निरोप आला तर त्याच्याकडेच येणार. संध्याकाळी सातच्या बातम्यांना आमच्या घरी अर्धी आळी जमायची. टीव्हीवर आधी शिखरांची नावं यायची, तोलोलिंग, टायगर हिल. मग कुणाचं पार्थिव कोणत्या गावी पोचलं ते. आमच्या सातारा जिल्ह्यात हे ऐकणारं प्रत्येक तिसरं घर फौजीचं. बातम्या संपल्या, आपलं नाव आलं नाही, की बायका उठून भाकरी टाकायला जायच्या. मीही जायचे. आपलं नाव नाही म्हणजे दुसरीचं आहे, हे कळत असूनही हात पीठ मळत राहायचे. त्या सकाळच्या रांगेतल्या पोरांचं तासाला निघून जाणं मला म्हणूनच कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

आता ड्रॅगनचं सांगते, कारण सगळं त्यातच आहे.

आपल्याकडे शिलेदार आणि बारगीर असे दोन प्रकारचे घोडेस्वार होते. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला यायचा, बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळायचा. दोन्हीत घोडा कुणाच्या तरी मालकीचा. या कथांतला ड्रॅगन मालकीचा नसतो. स्वाराला तोच निवडतो, आणि एकदा निवडलं की दोघांची मनं जोडली जातात. न बोलता एकमेकांचं ऐकू येतं. कुठे आहेस, दुखतंय का, घाबरलास का, सगळं कळतं. 'फोर्थ विंग'मध्ये ड्रॅगन मेला तर त्याचा स्वारही मरतो. स्वार मेला तर ड्रॅगन बहुधा जगतो, पण व्हायोलेटला निवडणारा काळा ताइर्न आधीचा स्वार गमावलेला आहे आणि त्या घावातून कसाबसा वाचलेला आहे.

हे मी वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा असूया वाटली. जूनभर मी जे मागत होते ते नेमकं हेच होतं. विजय नको होता, मला फक्त कळायला हवं होतं. एसटीडी बूथ नाही, बातम्या नाहीत, थेट आतून कळावं की आहेत. या कल्पनेला पोरकट म्हणणाऱ्यांनी एकदा तरी फोनच्या वाटेकडे डोळे लावून सहा आठवडे काढावेत.

ही कल्पना यारोसबाईंची एकटीची नाही. लेकीनंच मग सांगितलं म्हणून मी मागे गेले. अ‍ॅन मॅकॅफ्री या लेखिकेनं 1967 मध्ये पर्न नावाच्या ग्रहाची कथा लिहिली. तिथे आकाशातून तंतू पडतात आणि हिरवं दिसेल ते खाऊन टाकतात. ड्रॅगन विशिष्ट दगड चावून आग ओकतात आणि ते तंतू हवेतच जाळतात. पहिल्या कथेला विज्ञानकथांसाठीचा 1968 चा ह्यूगो पुरस्कार विभागून मिळाला. कथालेखनासाठी तो मिळवणारी ती पहिली बाई. तिच्याकडे अंड्यातून बाहेर पडतानाच पिल्लू आपला स्वार निवडतं. पण मरणाचा नियम उलटा. तिथे स्वार गेला की ड्रॅगन दोन जागांच्या मधल्या थंडगार पोकळीत झेप घेतो आणि परत येत नाही. ड्रॅगन आधी गेला, तर माणसाला मात्र उरलेलं आयुष्य अर्धं होऊन काढावं लागतं.

एकीनं मागे उरायचं दुःख माणसाला दिलं, दुसरीनं ड्रॅगनला. दोघींनी मिळून मागे राहिलेल्याचा हिशेब मांडला. आमच्या पाठ्यपुस्तकांत लढाईच्या धड्याखाली कारणं असत, घटना असत, परिणाम असत. 'परिणाम' या मथळ्याखाली तह आणि मुलूख यायचे. मागे राहिलेली कुणी यायची नाही. मी ते धडे तीस वर्षं शिकवले आणि एकदाही फळ्यावर तो मुद्दा वाढवला नाही. याचं मला खरोखर वाईट वाटतं.

प्रेमकथेबद्दल विचारता ना, तर ती अशी. व्हायोलेटचं मन झेडनवर जडतं. त्याच्या वडिलांनी राज्याविरुद्ध बंड केलं होतं आणि ते तिच्याच आईच्या हाताखाली मोडलं गेलं. वैऱ्याचा मुलगा. अशा गोष्टी आपण पुष्कळ वाचल्यात, त्यात नवं काही नाही. नवं हे आहे की त्याची निळी ड्रॅगन स्गेल आणि हिचा ताइर्न हे जोडीदार आहेत. एकाचा जीव दुसऱ्यात अडकलेला. त्यामुळे या दोघांना एकमेकांना जिवंत ठेवणं भागच पडतं. आणि ड्रॅगनच्या जोडीला फार दिवस दूर राहणं सोसत नाही, म्हणून पुढे दोघांच्या नेमणुका लांब लांब झाल्या तरी ठरावीक दिवसांनी त्यांना भेटू द्यावंच लागतं.

हे वाचताना मी हातातलं पुस्तक मांडीवर ठेवलं. फील्ड एरियात, म्हणजे सीमेकडच्या नेमणुकीवर, फॅमिली नेता येत नाही. पीस पोस्टिंग, म्हणजे शांत ठिकाणची नेमणूक, मिळालं तरी क्वार्टरची यादी लांब. लग्नानंतरच्या पहिल्या दहा वर्षांत आम्ही एका छताखाली किती राहिलो ते मी एकदा मोजलं होतं, तीन वर्षंही भरली नाहीत. माणसाच्या विरहासाठी कुठली फौज रजा देत नाही. या बाईनं आगीचा लोळ सोडणारं जनावर मध्ये उभं केलं आणि सेनापतींकडून रजा मंजूर करून घेतली. ही लेखिका स्वतः सैनिकाची बायको आहे, तिचा नवरा वर्षानुवर्षं अमेरिकी लष्करात होता, हे मला नंतर कळलं. नवल वाटलं नाही.

आणखी एक गोष्ट त्या पुस्तकात आहे, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. तिथे मेलेल्याचं सगळं सामान जाळायचं, असा नियम आहे. मृत्यूच्या देवाला अर्पण. व्हायोलेटचा भाऊ गेला, त्याचंही जाळायला हवं होतं. पण त्यानं मधल्या बहिणीसाठी, मीरासाठी, लिहिलेली एक वही मीरानं लपवून ठेवली, आणि धाकटी व्हायोलेट निघाली तेव्हा गुपचूप तिच्या सामानात दिली. कसं जगायचं ते त्यात लिहिलेलं. आमच्याकडे उलटं होतं. आमच्याकडे ट्रंक घरी येते. काळी, लोखंडी, पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. माझ्या मावसबहिणीकडे त्या साली आली. तिनं ती आठ महिने उघडली नाही. उघडली तेव्हा मी शेजारी होते. इस्त्री केलेला युनिफॉर्म, दाढीचं सामान, कॅन्टीनमधून पोरासाठी घेतलेले बूट. बूट तोवर पोराला लहान झाले होते. ती रडली नाही. बूट पुसले आणि पुन्हा आत ठेवले. मीराची ती लपवलेली वही वाचताना मला ते बूट दिसतात. या पुस्तकात प्रेम कुठे आहे असं कुणी विचारलं, तर मी आधी ते पान दाखवीन, झेडनचं नंतर.

सगळंच आवडलं असं नाही. वर्गातली पोरं इतक्या भराभर मरतात की लेखिकेलाही काहींचं दुःख करायला वेळ मिळत नाही, आणि ते मला क्रूर वाटतं. दुसरा भाग मधल्या अडीचशे पानांत नुसता दमवतो. शेजघरातले प्रसंग लांबतात. त्यात गैर काही नाही, तरुण जिवांना उद्याचा भरवसा नसला की असंच होत असणार, पण मी ती पानं उलटून पुढे जाते.

उलट त्यांच्या भांडणांची पानं मी दोनदा वाचते. झेडन तिच्यापासून गोष्टी लपवतो. तिच्या रक्षणासाठी, राज्याच्या रक्षणासाठी, कारणं खरी असतात. आणि ती म्हणते, मला अर्धा माणूस नको. लेकीला ती हट्टी वाटते. मला नाही वाटत. 'येथे सर्व क्षेम आहे' ज्या दिवशी लिहिलं त्या दिवशी ह्यांच्या तोफेपासून थोड्या अंतरावर गोळा पडला होता, हे मला 2004 मध्ये दुसऱ्याच्या तोंडून कळलं. राग आला. पत्र जपून ठेवलं होतं, ते काढून पुन्हा वाचलं. खोकल्याचा काढा, कौलं. तेव्हा कळलं की घरचं एवढं बारीकसारीक त्यांनी का लिहिलं होतं. पण राग गेला नाही, दोन्ही एकदमच राहिलं. असं दोन्ही एकदम राहतं, हे ज्या प्रेमकथेला माहीत आहे ती मी वाचणार.

कारगिलला आपल्या तोफखान्यानं अडीच लाखांच्या आसपास गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं डागली असं सांगतात. ह्यांचे कान त्यातले काही आकडे आजही सोसताहेत. डावा जवळजवळ गेला, उजवा अर्धा. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी यंत्र दिलं. ते कपाटात, घड्याळाच्या जुन्या डबीत. "मी काय म्हातारा झालो का?" एवढंच उत्तर.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात मी पुस्तक मोठ्यानं वाचायला लागले, वाचता वाचता मराठी करत. आमच्या घरी सगळंच मोठ्यानं बोलावं लागतं, त्यामुळे हे आपोआप ऐकू लागले. सुरुवातीला प्रश्न सगळे तोफखान्यातले. एवढ्या जनावराला खायला किती लागत असेल, पुरवठा कोण करतं, पावसात उडतात का. मग ते पान आलं. व्हायोलेटचे सांधे निखळतात, ती गुडघे बांधून चालते. असाच आजार लेखिकेलाही आहे, हे तिनं स्वतःच सांगितलंय. बाकी स्वार खोगिराशिवाय बसतात, ही उडताना पाठीवरून घसरते. म्हणून तिच्यासाठी खोगीर करून घेतात. तिला शरम वाटते, लोक काय म्हणतील. ताइर्नला तिच्या शरमेशी काही देणंघेणं नसतं. त्याला ती पाठीवर हवी असते.

ह्यांनी विचारलं, "मग घातलं का खोगीर?"

"घातलं."

"पडली नाही ना मग?"

"नाही पडली."

त्यावर काही बोलले नाहीत. पंखा बंद करून झोपायला गेले.

जानेवारी 2025 मध्ये तिसरा भाग आला, लेकीनं पाठवला. जेवणं झाली की मी चष्मा पुसून पलंगावर बसते. हे कपाट उघडतात, घड्याळाची डबी काढतात, यंत्र उजव्या कानात बसवतात आणि म्हणतात, "हळू वाच. ओरडू नकोस."